अक्षराखालची रेघ

हॅरिस लँडिंग
मंगळवार, ९ जानेवारी १९७९

वर्नाताई,

तुझा पत्ता स्टॅनमामाने मला दिलेला नाही. त्याच्या तंबाखूच्या डब्याच्या झाकणाला तो आतून चिकटवलेला आहे, तिथून मी उतरवून घेतला. हे आधीच सांगते, म्हणजे त्याला बोल लागायला नको.

आजीला नाताळच्या चार दिवस आधी झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. तिला ऐकू सगळं येतं आणि समजतंही सगळं. डॉक्टरांचं विमान आलं होतं. आजीने डाव्या हाताने खाटेचा लोखंडी गज धरला तो सोडेना. डॉक्टर म्हणाले, हिला नेलं तर ही वाटेतच रागाने मरेल, आणि गोळ्या ठेवून गेले. आई नदीपलीकडच्या गुरांच्या ठाण्यावर स्वयंपाकाला आहे. पावसाने नदी आता दोन मैल रुंद झालीय, म्हणजे आई एप्रिलपर्यंत येत नाही. आजीला उठवणं, पुसणं, भरवणं मीच करते. तक्रार म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडी आहेच.

काम असं आहे. लिन्डलचं आपल्या भाषेच्या शब्दांचं पुस्तक एक मार्चला छापायला जातंय. बारा वर्षांचं काम. पहिली नऊ वर्षं तिच्याजवळ तूच बसलीस, तेव्हा तुला नवीन काही सांगत नाही. जीभ मागे वळवून काढायच्या आवाजांना ती अक्षराखाली रेघ मारते, सरळ जिभेच्या आवाजांना मारत नाही. आता कॅनबेराहून तिने सत्तेचाळीस शब्दांपुढे प्रश्नचिन्ह टाकून यादी पाठवलीय. रेघ हवी की नको? तिला स्वतःला अजून मिलू आणि मिळू यांतला फरक ऐकू येत नाही. डोळा आणि चिखलातला खेकडा तिला सारखेच. तिच्या कानाचा दोष नाही, तिच्या भाषेत तो आवाजच नाही.

सोबत कॅसेट आहे, आजीच्या चांगल्या आवाजातली, गेल्या जूनमधली. आमच्या टेपरेकॉर्डरचं डोकं झिजलंय, फार खरखरतो. तू ऐकून यादीत रेघा मारून पाठवशील का? चौदा फेब्रुवारीच्या विमानाने आलं तरी चालेल.

तुझी तब्येत कशी आहे? हे आधी विचारायला हवं होतं.

रेलीन


मंगळवार, २३ जानेवारी

ताई,

कॅसेट परत आली. पाकीट तू उघडलंस, कारण यादीच्या मागे लिहिलंयस, "कान तुझ्याकडे आहेत ना? तूच ऐक." पेन्सिल इतकी दाबलीस की कागदाला भोक पडलंय. तुझं अक्षर बघून बरं वाटलं, हे खरं आहे.

दुसरं एक खरं नाही. टेपरेकॉर्डर चांगला आहे. त्याला काही झालेलं नाही.

'कान' हा शब्द तू मुद्दाम लिहिलास. लिन्डलने गेल्या वर्षी मला त्या प्रश्नाचा अर्थ पुस्तकासाठी लिहायला सांगितला होता: 'तुझे कान कुठे आहेत?' मी लिहिलं, जो बेपर्वा आहे, ज्याला अक्कल नाही, ज्याला कुणी वळण लावलं नाही अशा माणसाला हे विचारतात, याहून वाईट काही विचारता येत नाही. खाली एक उदाहरण द्यायचं होतं. ते मी दिलं नाही. मला उदाहरण एकच आठवत होतं. शाळेचं अंगण, सगळं गाव चटयांवर बसलेलं, आणि आजी उभी राहून तुला तेच विचारतेय.

तुला ते पुन्हा सांगण्यात अर्थ नाही, पण मला लिहून बघायचंय. भाषेचा दिवस होता. मुलांना ऐकवायला तू खाडीच्या गोष्टीची कॅसेट लावलीस आणि त्यातून धाकट्या मामाचं हसणं आलं. मग त्याचा आवाज, "आई, चहा झाला का?" त्याला पुरून दहा महिने झाले नव्हते. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, आवाज ऐकायचा नाही, म्हणून त्याचं नाव कुणी घेत नव्हतं, त्याचा फोटो आजीने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, आणि तो अंगणातल्या कर्ण्यातून चहा मागत होता. तू बटण दाबलंस तरी टेप लगेच थांबली नाही. आजीने तुला विचारलं, सगळ्यांसमोर. तू उत्तर दिलं नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस. शुक्रवारच्या ट्रकने तू गेलीस.

तीन वर्षं झाली. आजी तुझं नाव काढत नाही. स्टॅनमामाने एकदा काढलं तर ती म्हणाली, तुझी जाळी फाटलीय, ती शीव.

यादीचं विचारशील तर मला खरंच वेळ होत नाही. आजीला दर दोन तासांनी कुशीवर करावं लागतं. चारी बाजूंना पाणी आहे. घरापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून धावपट्टीपर्यंत एवढाच काय तो रस्ता उरलाय, तो मी दिवसातून सहा वेळा चालते. गावातला प्रत्येक जण वाटेत थांबवून म्हणतो, रेलीन, आजीनंतर आता तुझाच कान. शाळेच्या बाई तर मुलांना मला दाखवतात, चर्चमधल्या मूर्तीकडे बोट करावं तसं. मी मान हलवते आणि पुढे जाते.

कॅसेट आणि यादीची नक्कल पुन्हा पाठवते आहे.

रेलीन


मंगळवार, ६ फेब्रुवारी

ताई,

आजीला कळलं.

रविवारी सकाळी तिला चहा पाजत होते. तिने पत्र्याचा मग डाव्या हातात घेतला, तोंडासमोर आडवा धरला आणि मगाआडून काहीतरी बोलली. मी म्हटलं, गरम आहे का? ती पुन्हा बोलली. मी म्हटलं, हो. स्टॅनमामा दारात बसून खेकड्यांच्या पिंजऱ्याला तार गुंडाळत होता. तो हसून लोटपोट.

"अगं, ती विचारतेय तुझ्या डोक्यावर साप बसलाय का, आणि तू हो म्हणतेस. शहाणीच आहेस."

आजी हसली नाही. तिने मग खाली ठेवला. माझा उजवा कान धरून मला वाकवलं, कानात बघितलं, मग डावा. मग डाव्या कानाच्या मागे बोटांनी टिचकी वाजवली. वाजवली असणार. तिचं कोपर हललेलं मला दिसलं.

तुला आता सगळं सांगते, कारण लपवून काही उरलेलं नाही.

लहानपणी माझे कान वाहायचे. तुला आठवत असेल, तूच सुती चिंधीच्या वाती वळून ते पुसायचीस, कोमट मिठाच्या पाण्याने. तेव्हा आपण ठाण्यावरच राहायचो, तिथे शाळा नव्हती. तू मला पिठाच्या पिशव्यांवर कोळशाने अक्षरं शिकवलीस, आजीने शब्द शिकवले. सातव्या वर्षी कान वाहायचे थांबले. सगळे म्हणाले, बरी झाली. मीही तेच म्हटलं. थांबलं होतं ते फक्त पाणी. डाव्या कानाला काही येत नाही. उजव्याला येतं, पण भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं.

मी तोंड बघून ऐकते, ताई. दातांत जीभ दिसली की एक आवाज, ओठ मिटले की दुसरा. आजीसमोर बसून मी जे शिकले ते सगळं असं. पण जीभ मागे वळली की नाही हे तोंडाच्या आत होतं, ते बाहेरून दिसत नाही. आठव्या वर्षी मी म्हटलं होतं की माझ्या मिळूत वाळू गेली. स्टॅनमामा अजून लोकांना सांगतो, पोरीच्या खेकड्यात वाळू गेली. सगळे हसले. तू नाही हसलीस. तू मला जवळ ओढलंस आणि सरळ जिभेने शब्द म्हणून दाखवलास. त्यानंतर चारचौघांत मी असा शब्द म्हणायच्या आधी तुझ्याकडे बघायची. तू पाठीवर बोटाने टोला दिलास की वळलेली जीभ, नाही दिलास तर सरळ. तुला वाटत होतं मी लाजते.

तू गेल्यावर लिन्डलने मला विचारलं, तू बसशील का माझ्याजवळ? मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. तीन वर्षं मी तिच्या कागदांवर रेघा मारतेय. मला वाटेल तशा. नाही, वाटेल तशा नाही. शब्द डोळ्यांना कसा दिसतो त्यावरून.

आता ते दुसरं.

कॅसेटवरची चिठ्ठी मी लिहिली होती. मामा जिवंत असताना. आजी एकेक कॅसेट उचलून सांगत होती, ही कशाची, ती कशाची, आणि मी टेबलाशी बसून लिहीत होते. तिची पाठ माझ्याकडे होती. मामाचं नाव आणि खाडीचं नाव यांत फरक जिभेचा, तेवढाच. तेवढ्याशा फरकामुळे तर खाडीचं नाव आपल्याला अजून घेता येतं. मी दोन्हींवर खाडीच लिहिलं. मामा गेल्यावर त्याच्या नावाच्या कॅसेटा तू पेटीत बंद केल्यास, आणि ही बाहेर राहिली. ते नाव मी इथेही लिहीत नाही, लिहिताना चुकेन म्हणून.

अक्षर माझं होतं हे तुला त्या दिवशी अंगणात दिसलं होतं. म्हणून तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं असेल मी निष्काळजीपणे लिहिलं, किंवा तुझी जागा मला हवी होती. मी त्या वेळी उभी राहिले असते तर आजीने विचारलं असतं, कसं चुकलं? आणि मग कानांचं कळलं असतं.

आजीला कान कळले. चिठ्ठीचं अजून कळलेलं नाही.

रेलीन


मंगळवार, २० फेब्रुवारी

ताई,

दोन विमानं आली, तुझं काही नाही. लिहिते तरी.

आजीने रागावणं सोड, विषयसुद्धा काढला नाही. दुसऱ्या दिवशी यादी मागितली, म्हणजे मागितल्यासारखा हात केला. मग डावा हात पांघरुणावर पसरला. तळवा सपाट म्हणजे जीभ सरळ. बोटं आत वळवली म्हणजे जीभ वळलेली. मी शब्द वाचायची, ती हात दाखवायची. नवरा गेल्यावर बाया वर्षभर बोलत नाहीत, हातांनीच सगळं चालवतात, तसा तिचा तो हात झरझर चालतो. स्टॅनमामा म्हणाला, मग इतकी वर्षं आम्ही उगाच घसा कोरडा केला.

सत्तेचाळीस शब्दांपैकी माझे बावीस चुकले होते. डोळे मिटून रेघा मारल्या असत्या तरी एवढेच चुकले असते.

यादी दुरुस्त झाली तेव्हा मला वाटलं, सुटले. कुणाला काही सांगायला नको, हे पाठवून द्यायचं आणि गप्प बसायचं. पण पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापणार आहेत, 'ऐकून तपासलं: रेलीन'. ते वाक्य मला झोपू देईना. शुक्रवारी लिन्डल बिनतारी रेडिओवर बोलायला येते. तुला माहीत आहे ते, आखाताच्या किनाऱ्यावरचं प्रत्येक ठाणं, प्रत्येक वस्ती कान लावून असते. आई पलीकडे स्वयंपाकघरात ऐकत असणार हे मला माहीत होतं. उजवा कान कर्ण्याला लावून, बटण धरून मी सगळं एका दमात बोलले. मला ऐकू येत नाही, कधीच येत नव्हतं, माझं नाव काढा.

पुढे काहीच आवाज नाही. मला वाटलं माझाच उजवा कान गेला. मग कुठल्यातरी ठाण्यावरचा म्हातारा कंटाळून म्हणाला, "पोरी, बोलून झालं की 'ओव्हर' म्हण. सगळे खोळंबलेत."

मी ओव्हर म्हटलं.

लिन्डल रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "मग बाकीचे, रेलीन? गेल्या तीन वर्षांतले सगळे?"

ते नऊशे बारा आहेत. मी मोजले. पुस्तक थांबलंय. लिन्डल म्हणते, आजी आहे तोवर जेवढे होतील तेवढे कर, बाकीचे गाळू. आजी दिवसाला बारा शब्द करते, मग हात पडतो. म्हणजे शहात्तर दिवस. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, शहात्तर दिवसांचं मी काही बोलत नाही, आणि गोळ्या मोजायला लागल्या.

मी सकाळपासून खाटेच्या कडेला बसलेली असते. ती झोपली तर यादी हातात धरून ती उठायची वाट बघते, आणि उठली की मला लाज वाटते, कारण तिने पाणी मागावं याआधी मी शब्द विचारते. आज तिने हात पांघरुणात घेतला आणि तोंड फिरवलं. सात शब्दच झाले. मला तिचा राग आला. आपल्या आजीचा, ती मरतेय म्हणून.

हे काम तुझ्या कानांचं आहे. तू आलीस तर आजीला नुसतं निजता येईल. पण तुला बोलवायचं तर आजीला आधी चिठ्ठीचं सांगायला हवं, आणि ते माझ्या तोंडून निघत नाही. रेडिओवर अख्ख्या आखाताला सांगितलं, आणि चार हातांवरच्या खाटेला सांगता येत नाही.

रेलीन


मंगळवार, २७ फेब्रुवारी

ताई,

सांगितलं.

आज सकाळी तिचे केस विंचरत होते. मागे बसून सांगितलं, म्हणजे तिचं तोंड दिसणार नाही आणि तिने काही म्हटलं तरी मला कळणार नाही. मग ते बरोबर वाटेना. फणी ठेवली, पुढे येऊन बसले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. कॅसेटा, टेबल, तिची पाठ, माझं अक्षर.

तिने एक प्रश्न विचारला. तोंड वाकडं असल्यामुळे तिला तो तीनदा विचारावा लागला.

"तिनं अक्षर ओळखलं होतं?"

मी म्हटलं, हो.

"तरी बोलली नाही."

"नाही."

चेहऱ्याची डावी बाजूच काय ती हलली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी उठून भांडी घासायला गेले असते. तिने माझ्या उजव्या कानावर हात ठेवला, नुसता, आणि काढून घेतला. मग टेपरेकॉर्डरकडे बोट केलं.

मी नवी कॅसेट घातली. तिने मला लाल बटण दाबायला लावलं आणि स्वतः मानेने जवळ सरकली, तुझं नाव घेतलं. तुझं नाव, ताई. ते मी तिच्या अर्ध्या ओठांवरूनही ओळखलं. त्यानंतर एक शब्द बोलली. एकच. मग बटण बंद करायची खूण केली.

शब्द कुठला ते मला माहीत आहे, आणि माहीत नाही. ङानी असेल तर 'घरी ये'. ङाणी असेल तर 'आहेस तिथेच राहा'. मी तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. सपाट की वळलेला, तेवढंच मला हवं होतं. तिने हात पांघरुणाखाली नेला. मी विचारलं, आजी, कुठला? तिने सावकाश, दोनदा, मला कळेल असं म्हटलं, "तुला नाही सांगितलं."

'तिथेच राहा' यात राग असेलच असं नाही. पाणी इतकं आहे, तुझी नोकरी आहे, तुला पुन्हा या चटयांवर बसवायचं नाही असंही तिच्या मनात असेल. 'घरी ये' यात माफी असेलच असंही नाही. मी दुपारभर कॅसेट लावतेय. उजवा कान कर्ण्याला टेकवून, मग हात कर्ण्यावर ठेवून. माझ्या बोटांखाली दोन्ही शब्द सारखेच थरथरले असते. स्टॅनमामा खेकड्यांना गेलाय, आणि तो असता तरी त्याला विचारलं नसतं, कारण ते त्यालाही सांगितलेलं नाही. आता कॅसेट काढून ठेवलीय. फार ऐकून टेप झिजेल अशी भीती वाटली.

पाकिटावर तुझा पत्ता दोनदा तपासला आहे. विमान उद्या साडेदहाला येतं. तू एकटी असताना ऐक. मला काही कळवायची गरज नाही. मी दर बुधवारी टपाल घ्यायला धावपट्टीवर असते, आणि विमानातून कोण उतरतं ते बघायला कान लागत नाहीत.

रेलीन